शेपूट फुटलं

शेपूट दिसलं तेव्हा मी आधी काच पुसली. मग भिंग पुसलं, थेंब बदलला, खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा डोळा लावला. थेंबात नेहमीचीच वर्दळ होती. पिठाचे कण पोटात भरून गोलमटोल झालेले माझे जीव तोंडाकडच्या केसांच्या झुपक्याने पाणी ढवळत, एकमेकांना धक्के मारत, गिरक्या घेत चालले होते. गाईच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या पिशवीत, जिथे खाल्लेला चारा मुरत पडतो, तिथली ही वस्ती. एकेका पेशीचा एकेक जीव, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. त्यांना गाईच्या बाहेर, काचेच्या बाटलीत जगवायचं आणि वाढवायचं, हे माझं काम. त्या वर्दळीत, डाव्या कडेला, एक जण जरा सावकाश चालला होता आणि त्याच्या मागच्या अंगाला काटा होता. बारीक, किंचित वाकडा, पण काटाच. आम्ही त्याला शेपूट म्हणतो. तो कडेपर्यंत गेला, चाऱ्याच्या एका तुसाला आपटला, वळला, आणि वळताना त्याने ते शेपूट मला मुद्दाम दाखवावं तसं दाखवलं. माझ्या काळजात चर्र झालं.

एका शेपटीचं एवढं काय, असं कुणीही विचारेल. माझी मुलगी तर नक्की विचारेल, आणि तेही आजीला, मला नाही. गाईच्या पोटात यांना शेपूट असतंच, कारण तिथे यांचा एक थोराड चुलतभाऊ राहतो आणि तो यांना अख्खे गिळतो. प्रयोगशाळेतल्या आमच्या खोलीत त्याचं नाव गिळ्या. शेपूटवाला त्याला नीट गिळता येत नाही, म्हणून जवळपास गिळ्या असला की यांना पिढ्यान्‌पिढ्या शेपूट येत राहतं. गिळ्या नसला की ते आखूड होत होत नाहीसं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी मी केसासारख्या काचनळीने एकच जीव उचलला होता. दुपारभर मान मोडून बसले होते, आणि तो नळीत आला तेव्हा शिंक येत होती ती मी अक्षरशः गिळली. त्या एकाचे दोन झाले, दोनाचे चार, आणि आज माझ्या बाटल्यांत जे आहे ते सगळं त्या एकट्याचं गोत. त्यांच्यातल्या कुणीही गिळ्याचं तोंड पाहिलेलं नाही. दुसऱ्या प्रयोगशाळांतली माणसं मला चेहऱ्याने ओळखणार नाहीत, पण ‘त्या बाईंचे बिनशेपटीचे’ म्हटलं की ओळखतात. माझी म्हणावी अशी हीच एक गोष्ट या जगात आहे. बाकी सगळ्यात कुणाचा ना कुणाचा वाटा असतो. अशा बाटलीत एकाला शेपूट फुटतं, म्हणजे कुणीतरी त्या बाटलीत काहीतरी घातलं आहे आणि आत कुठेतरी गिळ्या बसला आहे. एवढा हिशेब करायला मला जितका वेळ लागायला हवा होता तितका लागला नाही. संशय घ्यायच्या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही.

खिडकीकडच्या टेबलावर माझा सहकारी बसला होता. तो याच गाईच्या पोटातले जिवाणू वाढवतो, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान आहे आणि कामाशिवाय बोलत नाही. मी त्याला मौनी म्हणते. आधी मनातल्या मनात म्हणत होते, आता सगळी इमारत म्हणते. न बोलणाऱ्या माणसाची मला फार धास्ती. बोलणारा माणूस खोटं बोलता बोलता कुठेतरी अडखळतो, याला अडखळायला जागाच नाही. तोंडात मिठाची गुळणी धरून तो तराजूवर काहीतरी पांढरं मोजत होता.

“बाटलीत काही घातलंत का तुम्ही?” मी विचारलं.

“नाही मॅडम.”

“कुठल्या बाटलीत, ते नाही विचारलंत.”

त्याने तराजूवरून डोळे काढले. “कुठल्या?”

“राहू दे,” मी म्हटलं, आणि तोही राहू देऊन पुन्हा मोजायला लागला. पण त्याचे कान तांबडे झाले होते, आणि मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

मी दिवसभर गिळ्या शोधत बसले. थेंबामागून थेंब. गिळ्या मोठा असतो, चुकवायचं म्हटलं तरी चुकत नाही. पोटात त्याने गिळलेले दिसतात, एखाद्याच्या पोटात दोन-दोन. एकही सापडला नाही. शेपूटवाले मात्र सापडत गेले, इथे एक, तिथे एक, आणि बाकीचे नेहमीसारखे गुळगुळीत. चोर नाही पण चोरी आहे, हा प्रकार मला चोरापेक्षा जास्त छळतो. खोलीत गॅसच्या नळीचा बुडबुड आवाज चालला होता. या जिवांना हवा चालत नाही, हवेने मरतात, म्हणून भिंतीला साखळीने बांधलेल्या टाकीतून दुसरा गॅस सोडावा लागतो. एरवी तो आवाज मला कानाशी मांजर बसावं तसा वाटतो. त्या दिवशी वाटलं की कुणीतरी माझ्या पाठीमागे हळूहळू हसतंय. मी पुन्हापुन्हा आठवत राहिले. मी महिनाभर बाहेरगावी प्रशिक्षणाला गेले होते, परवाच परतले होते. जाताना इथे एकही बाटली ठेवली नव्हती. मौनी म्हणाला होता, “मॅडम, एक तरी इथे ठेवा, मी घालत जाईन खायला.” तो आपण होऊन एवढं लांब वाक्य बोलला, तिथेच मी मनाशी खूणगाठ बांधली की इथे ठेवायची नाही. दोन्ही बाटल्या लोकरीच्या शालीत गुंडाळून घरी नेल्या. घरी नवऱ्याने मला एक लाकडी पेटी करून दिलेली आहे, आत एक बल्ब आणि तापमान राखणारी एक कळ. पेटी गाईच्या पोटाइतकी ऊबदार राहते. रोज अर्धं पाणी काढून तेवढंच ताजं कोमट खारं पाणी घालायचं, वाळल्या गवताची पूड चिमूटभर, पीठ त्याहून कमी, मग गॅस सोडून बूच. हे सगळं मी सासूबाईंना शिकवलं होतं. त्यांनाच का? कारण त्यांना त्यातलं काही कळत नाही. ज्याला कळत नाही त्याच्यावर विश्वास टाकायला सोपं जातं.

आमच्या आईने मला असंच वाढवलं. आम्ही एका मोठ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो, स्वयंपाकाची जागा शेजारणीबरोबर सामाईक होती. आई पिठाचा डबा बंद करायच्या आधी पिठावर बोटाने एक रेघ ओढायची, कधी सरळ, कधी नागमोडी, कधी मधेच तोडलेली. सकाळी उघडून आधी रेघ बघायची. रेघ जशीच्या तशी असली की तिचा चेहरा थोडा पडायचा, हे मला तेव्हा कळत नव्हतं पण दिसत होतं. मोडलेली असली तर मात्र तिच्या अंगात बळ यायचं, आणि दिवस चांगला जायचा. शेजारीण बिचारी आमचं पीठ कशाला घेईल? तिच्याकडे आमच्यापेक्षा बरं पीठ होतं. रेघ मोडायची ती डबा हलवल्याने. पण साप साप म्हणून भुई धोपटायची सवय एकदा हाताला लागली की साप नसला तरी हात थांबत नाही. मीही खुणा करते. बुचाला दोरा गुंडाळते तो उलटा, पेटीतल्या बल्बला माझ्या नखांच्या लाल रंगाचा ठिपका देते, कपाटातल्या कपड्यांची घडी अशी घालते की दुसऱ्याला तशी घालता येऊ नये. नवरा एकदा म्हणाला होता, “अगं, तू घरात राहतेस की पहाऱ्यावर?” तो हसत म्हणाला होता, आणि तो हसत का म्हणाला याचा मी आठवडाभर विचार केला.

संध्याकाळ व्हायच्या आधी मी गोठ्यात गेले. तिथे आमची खिडकीवाली गाय असते. तिच्या डाव्या कुशीला एक गोल भोक पाडून रबरी बूच बसवलेलं आहे. बूच काढलं की हात सरळ तिच्या पोटात जातो, कोपरापर्यंत, आणि ती त्या वेळी खात असली तर खातच राहते. मला तिचा हेवा वाटतो. पोटात कुणाचा तरी हात आहे आणि आपण शांतपणे चघळतो आहोत, हे कसं जमतं? मी हात घातला नाही, नुसता कुशीवर ठेवला. आत काहीतरी उलथापालथ होऊन खाली बसलं, आणि तिने माझ्याकडे न बघता शेपटीने माझ्या तोंडावर एक फटका दिला. गोठेवाला हसला. “मॅडम, तुम्ही गावाला होतात तेव्हा तुमचे ते साहेब आले होते,” तो म्हणाला. “खिडकीतून काढून नेलं.”

“ते नेहमीच नेतात. बादलीभर.”

“बादली नव्हती. थर्मास होता, चहाचा. सकाळीच आले, केस पण विंचरलेले नव्हते. मला म्हणाले, बोलू नकोस कुणाला.”

“मग तू का बोलतोस?”

“तुम्ही विचारलंत का पण?” तो म्हणाला. खरंच मी विचारलं नव्हतं. नुसती तिथे उभी होते. माझ्यासमोर माणसं न विचारता सांगायला लागतात, किंवा विचारलं तरी सांगत नाहीत. मधलं काही नाही.

घरी येताना माझं डोकं भणभणत होतं. मौनीने मी नसताना ताजं पाणी काढलं. ताज्या पाण्यात गिळ्या असतोच. पण माझ्या बाटल्या तर प्रयोगशाळेत नव्हत्याच, घरी होत्या, पेटीत, सासूबाईंच्या नजरेखाली. मग परवा मी त्या परत नेल्यावर त्याने एका रात्रीत घातलं? साठवून ठेवलं होतं? थर्मासमध्ये इतके दिवस काही जगत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि मला भिंतच दिसत नव्हती. चौकातल्या औषधाच्या दुकानातल्या माणसाने नेहमीसारखी मान हलवली, तर वाटलं, यालाही माहीत आहे. हे हसण्यासारखं आहे हे मला त्या क्षणीसुद्धा कळत होतं. कळल्याने ते कमी झालं नाही. माझी मुलगी दुसऱ्या शहरात शिकते, तिला ताप आला होता हे मला ती बरी झाल्यावर कळलं, तेही आजीच्या तोंडून निसटलं म्हणून. नवऱ्याने नोकरीतली बढती नाकारली ती मला बाहेरून कळली. प्रत्येक जण माझ्यापासून काहीतरी थोडंसं बाजूला ठेवतो, जसं जेवताना हाड ताटाच्या कडेला ठेवावं. ते का ठेवतात हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. काय ठेवतात, एवढंच शोधत राहिले होते.

घरात दोघे चहा घेत बसले होते. सासूबाई आयुष्यभर टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये होत्या. हजारो लोकांची बोलणी त्यांनी कानाने जोडून दिली, आणि एकाचंही कधी बाहेर सांगितलं नाही. या गुणाचं सगळ्यांना कौतुक आणि मला भय. आल्यागेल्याला त्या एक विनोद ठरलेला सांगतात: “माझी सून सगळ्यांना पाण्यात बघते, आणि त्याचा पगार घेते.” पाहुणे हसतात. मीही हसते, आणि कोण जरा जास्त हसलं ते लक्षात ठेवते. त्या संध्याकाळी मी चपला काढल्या, बसले, आणि काही विचार न करता म्हणाले, “बाटलीत काहीतरी शिरलंय.”

“अगं बाई!” सासूबाई म्हणाल्या. “गिळ्या तर नाही ना?”

नवऱ्याने वर्तमानपत्र उचललं. उलटं नव्हतं, पण त्याने ते ज्या तऱ्हेने उचललं त्यापेक्षा उलटं धरलं असतं तर बरं दिसलं असतं. सासूबाईंनी कप तोंडाला लावला आणि तो रिकामा आहे हे कळूनही लावूनच ठेवला. गिळ्या हा शब्द आमच्या खोलीचा आहे. तो पुस्तकात नाही, मी घरी कधी उच्चारलेला नाही. घरी मी कामातलं काहीच बोलत नाही, बोललेलं कुठे जाईल सांगता येत नाही. तो शब्द त्या खोलीतल्या दोनच माणसांच्या तोंडी आहे, आणि त्यातलं एक मी. म्हणजे दुसरं माणूस इथे येऊन बसलं होतं. माझ्या खुर्चीत, कदाचित. आणि बोललं होतं. मी उठून आतल्या खोलीत गेले, पेटीचं झाकण उघडलं. बल्बवर लाल ठिपका नव्हता. नवा कोरा बल्ब, वर धुळीचा कणही नाही.

“बल्ब कधी बदललात?” मी तिथूनच विचारलं.

“कुठला बल्ब?” नवरा म्हणाला.

मी ‘पेटीतला’ असं म्हणाले नाही. म्हटलं असतं तर त्याला आणखी एक खोटं बोलावं लागलं असतं, आणि त्याचं खोटं फार वाईट असतं, ऐकवत नाही. जेवताना सासूबाईंनी दोनदा विचारलं की मीठ बरोबर आहे ना, आणि नवऱ्याने दोन्ही वेळा हो म्हटलं. मला इतका राग आला होता की तो राग आहे की भीती, हे ओळखू येत नव्हतं. मी असताना हे तिघे एकमेकांना ओळख दाखवत नाहीत, आणि मी नसताना त्यांचं एक घर आहे.

सकाळी मी मौनीच्या आधी पोचले आणि त्याच्या खुर्चीत बसून राहिले. तो आला, मला बघितलं, पिशवी खाली ठेवली आणि उभाच राहिला.

“गिळ्याचं आमच्या सासूबाईंना कुणी सांगितलं?” मी म्हटलं.

त्याने पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली. मी ठरवलं होतं की या वेळी मी बोलायचं नाही.

“आजींचा फोन आला होता,” तो शेवटी म्हणाला. “गॅसची टाकी घरी पोचवली ना मी, तेव्हा त्यांनी नंबर घेऊन ठेवला होता. बल्ब गेला होता रात्री. थंडी होती. सकाळी त्यांनी बघितलं तर दोन्ही बाटल्या गार. मी गेलो तोवर तळाला पांढरा थर, सगळे मेलेले. एकही हलत नव्हता. मी खूप शोधलं मॅडम.”

“मग?”

“त्या रडत होत्या. म्हणाल्या, एक वेळ माझ्या हातून घर जळालं असतं तर चाललं असतं, हे कसं सांगू तिला. म्हणाल्या, तिला कळलं तर मला या घरात राहता येणार नाही. तसं काही नसतं आजी, असं मी म्हटलं. तर तुमचे मिस्टर म्हणाले, असतं.”

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. काचेची भांडी एकमेकांवर किणकिणत लांब गेली.

“मग मी खिडकीवालीचं पाणी आणलं,” तो म्हणाला. एकदा सुरुवात झाल्यावर त्याला थांबता येत नव्हतं. “इथला छोटा मायक्रोस्कोप नेला, तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. तुमचीच जात, एकेक निवडून घातली. सगळ्यात आखूड शेपटीचे बघून. गिळ्या एकही जाऊ दिला नाही. रोज यायचो तुम्ही येईपर्यंत. आजी दिवा धरायच्या. त्यांना पण ओळखू यायला लागले शेवटी. मला वाटलं, तुम्ही येईपर्यंत होतील सगळे गुळगुळीत.”

“झाले नाहीत,” मी म्हटलं. “शेपट्या फुटतायत त्यांना.”

“फुटत नाहीयेत मॅडम. जातायत. आधी सगळ्यांनाच होत्या. आता थेंबात एखाद-दुसरा राहिलाय. गिळ्या नसला तरी लगेच नाही जात. पिढ्या जाव्या लागतात.”

मी त्याच्या खुर्चीतून उठले. माझे बिनशेपटीचे मेले, हे मला तेव्हा नीट कळलं. तो एकटा, दुपारभर मान मोडून उचललेला, त्याचं सगळं गोत एका रात्रीत गारठून तळाला बसलं होतं आणि कुणीतरी ते मोरीत ओतलं होतं. मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी डोक्यात एकच चित्र येत राहिलं, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर हा माणूस वाकून बसलाय, सासूबाईंनी दिवा धरलाय, नवरा चहा ठेवतोय, आणि सगळे बोलतायत. हा बोलतोय.

“काय बोलायचात तुम्ही तिथे?” मी विचारलं.

“काही नाही. असंच. आजी एक्स्चेंजमधले किस्से सांगायच्या. मी पण सांगायचो.”

“तुम्ही?”

“हो,” तो म्हणाला, आणि पुन्हा त्याचे कान तांबडे झाले. मी आदल्या दिवशीच्या तांबडेपणाचा काय अर्थ लावला होता तो मला आठवला. बोलायला लागले असते तर काय निघालं असतं याची माझी मलाच खात्री नव्हती. एक लाथ मारून बाटल्या फोडाव्यात असं आलं मनात, मग त्याच्या गळ्यात पडावं असंही आलं, आणि दोन्ही न करता मी खारं पाणी कोमट करायला ठेवलं. बाटल्या ओतून देणं हेच खरं तर योग्य होतं. त्या आता माझ्या नव्हत्या, कुणाच्याच नव्हत्या, नुसत्या एका गाईच्या होत्या. पण त्यांची खायची वेळ झाली होती. मी अर्धं पाणी काढलं, ताजं घातलं, गवताची पूड टाकली, आणि पिठाच्या बरणीत चमचा घालून कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. जास्त पीठ पडलं तर बाटली आंबते आणि सगळे मरतात. मौनी बघत होता. त्याने श्वास रोखलाय हे मला पाठीला कळलं. मी चिमूटभरच टाकलं, गॅस सोडला, बूच लावलं. दोरा गुंडाळला नाही.

दुपारी लवकर निघाले. रस्त्यात ठरवत गेले की काय म्हणायचं. ‘मला सगळं कळलंय’ असं म्हणणं सोपं होतं. आयुष्यभर तेच म्हणत आले. पण त्या वाक्यानंतर समोरच्याचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे, आणि तो चेहरा मला त्या दिवशी बघायचा नव्हता. मला माफ करायचं होतं असंही नाही. राग होताच. त्या तिघांचं ते टेबल माझ्या घशात अडकलं होतं. मला इतकंच हवं होतं की मी घरात शिरल्यावर कुणी कप तोंडाला लावून बसू नये. दाराशी आले तर आतून सासूबाईंचा फोनवरचा आवाज येत होता, नातीशी. त्या खळखळून हसत होत्या. मी किल्ली हातात धरून जिन्यात थांबले. कान देऊन ऐकायची मला सवय आहे, पण या वेळी मी काय बोलतायत ते ऐकत नव्हते, नुसतं हसणं ऐकत होते. मग किल्ली फिरवली. “बरं, ठेवते गं,” सासूबाई म्हणाल्या. “आली तुझी आई.”

“ठेवलात कशाला, बोला की,” मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आत जाऊन चहा टाकला, तिघांचा. त्यांना लागतो तसा दूध जास्त घालून कप त्यांच्या समोर ठेवला, बिस्किटं बशीत काढली, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. ती खुर्ची माझी नाही, मी नेहमी समोर बसते.

“आई,” मी म्हणाले, “बाटल्या छान आहेत हं. मी नसताना तुम्ही नीट सांभाळल्यात. थकला असाल तुम्ही महिनाभर.”

मला वाटलं होतं, त्यांचा जीव भांड्यात पडेल. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. चहाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. दोन्ही हात मांडीवर घेऊन त्या माझ्याकडे टक लावून बघायला लागल्या.

“परवा माझं रक्त तपासायला नेलं,” त्या म्हणाल्या. “रिपोर्ट आला का?”

“आला.”

“काय आहे त्यात?”

“काही नाही. सगळं ठीक आहे.”

“मग तू अशी का बोलतेस?”

“कशी?”

“अशीच. गोड.” त्यांचा आवाज कापला. “खरं सांग. माझ्यापासून लपवू नकोस. किती दिवस दिलेत डॉक्टरांनी?”

नवरा आतून आला आणि दारात उभा राहिला. त्याने तो रिपोर्ट स्वतः आणला होता, स्वतः वाचला होता. तरी तो आधी आईकडे, मग त्यांच्या शेजारी बसलेल्या माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याच्याही चेहऱ्यावर तीच भीती आली. “काय गं?” तो म्हणाला. “डॉक्टरांचा तुला वेगळा फोन आला होता का?”

“माझी तयारी आहे रे,” सासूबाई म्हणाल्या. “फक्त नातीला बोलावून घ्या.” आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मी त्यांचा हात धरायला हात पुढे केला, तर त्या आणखी रडायला लागल्या. काय सांगणार होते मी? जो शब्द तोंडाशी येत होता तो मऊ होता, आणि प्रत्येक मऊ शब्दासरशी ती बाई माझ्या डोळ्यांदेखत मरणाच्या एक पाऊल जवळ सरकत होती. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. मी हात मागे घेतला, खुर्ची करकरत मागे ढकलली आणि उभी राहिले.

“काही झालेलं नाही तुम्हाला,” मी आवाज चढवला. “शंभर वर्षं जगाल, आणि शंभर वर्षं माझे डबे उघडे टाकाल. साखरेच्या डब्याचं झाकण कुणी ठेवलं होतं तसंच? मुंग्यांची रांग लागली आहे आत. मी एक महिना नाही तर या घराची धर्मशाळा करून ठेवलीत. आणि फोन! तासन्‌तास फोन. तिचा अभ्यास कोण करणार, तुम्ही?”

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. “मी नाही हं उघडा टाकला,” त्या म्हणाल्या. “यानेच टाकला असेल.”

“मी कशाला टाकू?” नवरा म्हणाला, आणि त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. तो आत निघून गेला, आणि थोड्या वेळाने आतून त्याचं गुणगुणणं ऐकू यायला लागलं. सासूबाईंच्या गालावर हळूहळू रंग आला. त्यांनी कप उचलला, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

“साखर कमी पडलीय,” त्या म्हणाल्या. “मुंग्या काढून आण थोडी.”

मी आत गेले, डबा खाली काढला. झाकण घट्ट लावलेलं होतं, आणि मुंगी औषधालाही नव्हती. मी ते उघडलं आणि चमचाभर साखर घेऊन बाहेर आले.